दुसऱ्या सत्राची मुलं



दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या धारूर, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून ट्रॅक्टर निघायला लागतात. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, पिठाचं पोतं, एखाददुसरी शेळी, खुराड्यात कोंबड्या, त्यावर माणसं आणि माणसांच्या मधे दाटीवाटीनं बसलेली मुलं. ही ऊसतोडणीला निघालेली टोळी. ती परत येणार मार्च-एप्रिलमध्ये, साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला की. शाळेचं दुसरं सत्र नेमकं याच काळातलं. म्हणजे या मुलांच्या वाट्याला दरवर्षी अर्धीच शाळा येते, आणि जी अर्धी बुडते ती दरवर्षी तीच असते. अपूर्णांक, भागाकार, सहामाहीनंतरचे सगळे धडे.

शिक्षणाचा हक्क देणारा कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून तो लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण, आणि तेही घराजवळ. महाराष्ट्राच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असं म्हटलं आहे. आता घरच दोनशे किलोमीटर सरकलं तर हे अंतर कुठून मोजायचं?

कायदा करणाऱ्यांनी याचा विचार केला नव्हता, असं मात्र नाही. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे, असं कायद्यातच लिहिलं आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. वयानुसार वर्ग द्यायचा आणि मागे राहिलेलं वेगळं शिकवून भरून काढायचं, हेही त्यात आहे. कायद्याला बोल लावायला फारशी जागा नाही. गाडं अडतं ते खाली, कागदांच्या तारखांपाशी.

त्यातली एक तारीख सांगतो. 30 सप्टेंबर. शाळेत किती मुलं आहेत, त्यावरून शिक्षकांची किती पदं मंजूर करायची, ते या तारखेच्या पटावर ठरतं. याला संच मान्यता म्हणतात. टोळ्या हलतात त्यानंतर. म्हणजे मोजणीच्या दिवशी मूल गावच्या वर्गात बसलेलं असतं, आणि मोजणी झाली की निघून जातं. गावाकडच्या पटावर त्याचं नाव राहतं, बाकावर ते नसतं. गुरुजींनाही नाव कमी करायचं नसतं. पट घसरला तर पद जाईल, आणि पदं जाता जाता एक दिवस शाळेवरच गदा येईल, ही धास्ती असते. त्यांना सरसकट लबाड म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही.

आता दुसरं टोक पाहा. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नगरकडचा कारखाना. रानात कोप्या पडल्या आहेत, बांबूच्या आणि ताडपत्रीच्या, वाकून आत शिरावं लागेल एवढ्या. पहाटे अंधारातच आईबाप फडावर जातात. बाप तोडतो, आई मोळ्या बांधते. ट्रक भरायला कधीही येतो, रात्री दोनलासुद्धा. मागं कोपीत राहते नऊ-दहा वर्षांची मुलगी. तिच्या कडेवर धाकटं भावंड. पाणी तिनं आणायचं, चुलीवर भात तिनं टाकायचा, आणि फडावरून उसाच्या शेंड्यांचं वाढं आलं की त्याच्या पेंढ्या बांधायलाही तीच. एक किलोमीटरवर जिल्हा परिषदेची शाळा आहे आणि तिथं तिला प्रवेश आहे. पण कडेवरच्या बाळाला नाही. पाळणाघर नसेल तर या मुलीची शाळा कागदावरच उघडी असते.

आणि ती गेलीच, तरी त्या शाळेला नोव्हेंबरात अचानक पंधरा-वीस मुलं वाढलेली परवडत नाहीत. पट सप्टेंबरात मोजून झालेला असतो, त्यामुळे शिक्षक तेवढेच राहतात. टोळी सीमेपलीकडे बेळगावकडच्या कारखान्याला गेली असेल तर जवळची शाळा बहुधा कानडी. तिथं हक्क सांगून काय करणार?

नव्वदच्या दशकात यावर एक तोड निघाली होती. औरंगाबादच्या जनार्थ या संस्थेनं कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालवल्या. कोप्यांच्या शेजारीच वर्ग, टोळीच्याच वेळापत्रकानं. शिक्षण हक्क कायदा आल्यावर या शाळा मागं पडल्या. गरिबांच्या मुलांना वेगळी, तात्पुरती शाळा का, त्यांना नेहमीच्याच शाळेत घ्या, असा त्यामागचा विचार. तत्त्व म्हणून तो बिनतोड आहे. पण नेहमीची शाळा तयार होण्याआधी साखरशाळा मोडणं ही घाई झाली, असं माझं मत आहे.

मग भर आला हंगामी वसतिगृहांवर. आईबाप गेले तरी मुलानं गावातच राहायचं, शाळा व्यवस्थापन समितीनं त्याच्या जेवणाखाण्याची सोय करायची. नाव वसतिगृह, पण अनेक ठिकाणी राहणं आजीकडेच असतं आणि जेवण तेवढं शाळेत. तेही वाईट नाही. अडचण अशी की मंजुरी टोळीनंतर आली तर मूल ट्रॉलीत बसून गेलेलं असतं. आणि वयात आलेल्या मुलीला म्हाताऱ्या सासूच्या भरवशावर ठेवायला आया धजत नाहीत. मग तिला बरोबर नेतात, किंवा लग्न लावून देतात. लग्नाला इथं रोकडा हिशेबही आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता होतो, एकट्याचा अर्धा. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती कोयत्यावर.

2021 साली सरकारनं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं जाहीर केली. हे पाऊल योग्य आहे, विशेषतः मोठ्या मुलींसाठी. पण पहिली-दुसरीतलं लेकरू आई सोडून राहत नाही, त्याला कारखान्याजवळच शाळा लागेल. त्यात 2023 मध्ये राज्यानं पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. एप्रिलच्या त्या पेपरात या मुलानं कुठल्या सत्राचं लिहायचं?

गंमत अशी की शिक्षण आणि साखर यांचं महाराष्ट्रात जुनं सख्य आहे. 1950 साली प्रवरेच्या काठी सहकारी कारखाना उभा राहिला, आणि पुढं कारखान्यांच्या आसऱ्यानं हायस्कुलं, तंत्रनिकेतनं, 1983 नंतर तर इंजिनिअरिंग कॉलेजंही निघाली. शेतकऱ्यांची मुलं त्यातून इंजिनिअर झाली, हे मोठंच काम झालं. ऊस तोडणाऱ्याचं पोर मात्र त्याच आवाराच्या कुंपणाबाहेर राहिलं.

आता कुणी म्हणेल, किती मुलं येणार हे शाळेला आधी कसं कळावं? अहो, कारखान्याला कळतं ना! गाळप सुरू होण्याच्या कितीतरी आधी, पावसाळ्यातच, टोळीच्या मुकादमाशी करार होतो, उचल वाटली जाते. कुठल्या गावचे किती कोयते, बैलगाड्या किती, ट्रॅक्टर किती, सगळं वहीत असतं. त्याच वहीत आणखी एक रकाना आखायचा, मुलांचा. नाव, वय, इयत्ता. तो कागद ऑगस्टमध्ये दोन्हीकडच्या जिल्हा परिषदांकडे गेला आणि पट 30 सप्टेंबरबरोबर जानेवारीतही मोजला, तर शिक्षक मुलांच्या मागं पाठवता येतील. बीडचाच एखादा गुरुजी सहा महिने कारखान्यावर नेमायला काय हरकत आहे? त्याचा निम्मा वर्ग नाहीतरी तिथंच गेलेला असतो.