सोनाराने कान टोचले, पुढे काय?

(शिरपामाळ, ता. जव्हार इथल्या महिला बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

बायांनो, आपण ज्या माळावर बसलो आहोत त्याचं नावच मुळी एका दागिन्यावरून पडलंय. सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज इथे थांबले, जव्हारच्या राजाने त्यांना शिरपेच दिला, म्हणून हा शिरपामाळ, असं इथे सांगतात. राजांच्या शिरपेचाची आठवण साडेतीनशे वर्षं टिकली. बाईच्या कानातलं डूल मात्र चिघळून पू झाला तरी घरात कुणाच्या लक्षात येत नाही.

विषय किरकोळ वाटेल. मागच्या बैठकीत थकलेली मजुरी आणि पाणी यांवर तीन तास गेले. उठताना एकजण हळूच म्हणाली, "ताई, जरा माझा कान बघा." तिच्या मागे आणखी चौघी थांबल्या. सगळ्यांसमोर बोलायची लाज, कारण "नटायला पाहिजे, मग सोसा" हे उत्तर ठरलेलं.

त्यातल्या एकीची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते. लग्नासाठी तिने बाजारातून सोनेरी झुबे घेतले. दोन दिवसांनी दोन्ही पाळ्यांना खाज सुटली, मग पाणी वाहू लागलं, खपल्या धरल्या. सासू म्हणाली, हिला सोनं लाभत नाही. भगताने बाहेरचं काही सांगितलं, त्यात कोंबडं गेलं. दिवाळीनंतर ती तशीच वीटभट्टीवर गेली. तिथे घामाने गळ्यालाही चट्टे आले, बरोबर मंगळसूत्राच्या वाट्या टेकतात तिथेच. नवऱ्याला म्हणाली, थोडे दिवस काढून ठेवते. त्यावर जे ऐकावं लागलं ते मी इथे सांगत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

तिला सोनं लाभत नव्हतं असं नाही. त्या झुब्यांत सोनं नव्हतंच. स्वस्त दागिना आतून पितळेचा किंवा लोखंडाचा असतो, वर पुष्कळदा निकेल नावाच्या धातूचा थर आणि त्यावर सोनेरी पाणी. पाणी उडालं की निकेल कातडीला लागतं, घामातल्या मिठाने ते सुटतं आणि अंगात शिरतं. काहींचं शरीर त्याला शत्रू मानू लागतं. एकदा मानलं की बहुधा जन्मभर. मग पँटचं बटण, घड्याळाचा पट्टा, ब्लाउजचा हूक, काहीही खाजवतं. जर्मन सिल्व्हर म्हणून जे विकतात त्यात तर चांदीचा कणही नसतो. तांबं, जस्त आणि निकेल, एवढंच. नाव चांदीचं आणि दुखणं निकेलचं, असा हा व्यवहार आहे.

हा बाईच्या अंगाचा दोष नाही. डेन्मार्कने १९९० साली निकेल सुटणाऱ्या दागिन्यांवर बंधन घातलं, त्यानंतर कान टोचलेल्या मुलींत हा त्रास कमी आढळला. युरोपीय संघाने १९९४ साली तसाच निर्देश काढला. म्हणजे कायद्याने कान वाचतात. आपल्या आठवडे बाजारात मात्र पुठ्ठ्यावर टोचलेल्या रिंगांवर कशाचंच नाव नसतं.

आता चिघळलेला कान आणि न सोसणारा धातू यातला फरक. खाज जास्त, दोन्ही कानांना, दागिना टेकतो तेवढ्याच जागी, आणि घातल्यावर एक-दोन दिवसांनी सुरू होणारी, तर धातूवर संशय घ्या. दागिना काढला की हळूहळू बरं वाटतं. ठणका, गरमपणा, पिवळा पू, बहुतेक एकाच कानाला, कधी ताप, तर जंतू शिरलेत. अशा वेळी दागिना आपल्या मनाने ओढून काढू नका. वरून भोक बुजतं आणि पू आत कोंडतो. दवाखान्यात दाखवा. दुकानातून गोरं होण्याची किंवा खाजेची ट्यूब आणून चोळू नका, त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं.

बुगडीचं भोक पडतं ती वरची जागा वेगळी. तिथे मऊ हाड असतं, त्याला स्वतःचा रक्तपुरवठा नाही. तिथे पू झाला तर कानाचा आकारच आक्रसून जातो. वरचा कान लाल, सुजलेला दिसला तर त्याच दिवशी जव्हारला कुटीर रुग्णालय गाठायचं, भात लावणी असली तरी.

'सोनारानेच कान टोचावे' ही म्हण आपण उपदेशाला वापरतो, पण शब्दशः घेतली तरी शहाणी आहे. जुना सोनार सोन्याच्या टोकदार तारेने टोचायचा आणि तीच तार वळवून कानात ठेवायचा. एक तार, एक कान. आता जत्रेत एकच सुई दहा पोरींच्या कानांतून जाते, आणि तिच्यासोबत बी-प्रकारची कावीळ किंवा एचआयव्हीही जाऊ शकतो. ज्योतीवर काळी केलेली सुई पुरेशी नाही. नवी, पाकीटबंद सुई मागा. तान्ह्या बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी होईपर्यंत थांबलं तर धनुर्वाताची धास्ती उरत नाही. मामाला घाई असेल तर मामाने थांबावं.

टोचल्यावर पाळी भरायला सहा ते आठ आठवडे लागतात, वरच्या भागाला कित्येक महिने. पेलाभर उकळून गार केलेल्या पाण्यात पाव चमचा मीठ, हात धुऊन, दिवसातून दोनदा पुसायचं आणि कोरडं करायचं. फिरवत बसायचं नाही, खपली ओढायची नाही. हळद औषधी आहे हे मला मान्य, पण डब्यातल्या हळदीत काय काय मिसळलंय ते आपल्याला माहीत नाही. तेल, राख, शेण तर नकोच. सोनं नाही म्हणून भोकात केरसुणीची काडी घालतात, तीही ताज्या भोकात नको. तिला कुसळं असतात, घाण धरते.

मग घालायचं काय? ताज्या भोकात सोन्याची बारीक तार चांगली. सोन्यावर हॉलमार्कची सक्ती २०२१च्या जूनपासून टप्प्याटप्प्याने आली, पण दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूला ती लागू नाही. म्हणजे आपण जे घेतो ते नेमकं सुटतं. म्हणून पक्की पावती घ्या, तिच्यावर कॅरेट लिहून घ्या. पांढऱ्या सोन्यात निकेल असू शकतं. भरलेल्या भोकात खरी चांदी चालते. काहीच जमत नसेल तर कान मोकळा ठेवा. लंकेची पार्वती म्हणणारे चिघळलेला कान धुवायला येत नाहीत.

फाटलेल्या पाळीबद्दल एकीने मघाशी विचारलं. जड दागिन्याने फाटलेली पाळी छोट्या शस्त्रक्रियेने सांधता येते. सुश्रुतसंहितेत पाळी सांधायचे पंधरा प्रकार दिलेत, इतकं हे जुनं दुखणं आहे. पण भांडणात कुणी डूल ओढून पाळी फाडली असेल, तर डॉक्टरला 'दागिना अडकला' असं सांगू नका. कुणी ओढलं ते सांगा, कागदावर लिहून घ्या. २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज करताना तो कागद उपयोगी पडतो.

आता ज्यांचे कान दुखताहेत त्या झाडाखाली आशाताईंकडे बसा. मिठाचं पाणी उकळायला ठेवलंय. पुरुषमंडळींनी तोवर जरा मुलं सांभाळावीत.