माल्टचें गुणपत्रक

जव भिजवून त्यांना मोड आणावे आणि मोड पुरेसे वाढले म्हणजे गरम हवेनें वाळवून ती वाढ थांबवावी, कीं माल्ट तयार होतें. इंग्लंडांत १९६३ सालीं घरगुती बिअरवरील परवान्याचें बंधन उठलें. अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनें १९७८ च्या कायद्यानें तशीच मोकळीक दिली. तेव्हांपासून कारखानदाराचें पृथक्करणपत्रक वाचण्याचा प्रश्न तेथील गृहस्थांच्या स्वयंपाकघरांत येऊन पोंचला.

हें पत्रक म्हणजे एक गुणपत्रकच होय. नुसती बेरीज पाहून मुलगा कळत नाहीं, तसें नुसत्या नांवावरून माल्ट कळत नाहीं. एकाच नांवाचीं दोन पोतीं दोन निराळ्या हंगामांतील जवांचीं असूं शकतात.

पहिला आंकडा ओलाव्याचा. फिकट माल्टमध्यें तो शेंकडा ४ ते ५ च्या आसपास असतो. तो अधिक असला, तर धान्याच्या भावानें पाणी विकत घेतल्यासारखें होतें. शिवाय माल्ट सादळून त्याचा स्वाद लवकर उतरतो. दुसरा आंकडा अर्काचा. माल्टमधील किती अंश पाण्यांत उतरूं शकतो, तें त्यावरून कळतें. चांगल्या फिकट माल्टमध्यें हें प्रमाण कोरड्या वजनाच्या शेंकडा ८० च्या सुमारास असतें. मात्र तें प्रयोगशाळेंत बारीक दळलेल्या पिठावरून काढलेलें असतें. घरच्या भरडींतून तितका उतारा मिळत नाहीं.

रंगाच्या आंकड्याबरोबर माप कोणतें, हेंही पाहावें. जोसेफ विल्यम्स लोविबाँड या इंग्रज बिअर-उत्पादकानें रंगीत काचांशीं द्रवाचा रंग ताडून पाहण्याचें यंत्र केलें; त्याचें नांव या अंशांना अद्यापि चालतें. युरोपांतील ई.बी.सी. मापाचा आंकडा याच्या जवळजवळ दुप्पट येतो. लोविबाँडचे ४० अंश मागणाऱ्या कृतींत ई.बी.सी. ४० चें माल्ट घातलें, तर त्याचा रंग निम्म्यावरच राहतो.

सर्वांत मोलाचा आंकडा डायास्टेसच्या शक्तीचा. पिष्टाची साखर करणारें हें द्रव्य मोड येतांना धान्यांत वाढतें व कडक भाजल्यानें नष्ट होतें. ही शक्ति लिंटनरच्या अंशांत मोजतात. ६० अंशांचें ४ किलो माल्ट आणि शून्य अंशाचें १ किलो भाजलेलें माल्ट एकत्र केलें, तर सरासरी ४८ येते व काम निभावतें. परंतु तेंच ६० अंशांचें माल्ट २ किलो आणि शक्तिहीन धान्य ३ किलो घेतलें, तर सरासरी २४ उरते. ती ३० च्या खालीं गेली, कीं पिष्ट कच्चें राहण्याचा धोका असतो. मग साखर कमी पडते, आणि यीस्टला आंबविण्यास पुरेसें कांहीं उरत नाहीं. सारा दिवस व सारें धान्य वायां जातें.

महाराष्ट्रांत १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें परवान्याशिवाय मद्य करणें गुन्हा आहे. परंतु मोड आणण्याची विद्या येथील घरांनाही परकी नाहीं. मोड आणून वाळविलेल्या नाचणीच्या पिठाची पेज साध्या पिठाच्या पेजेहून पातळ होते, ती याच डायास्टेसमुळें. आणि म्हणूनच बाळाच्या वाटींत पेज घट्ट न होतां अधिक पीठ मावतें.