शेजारच्या घरातील आक्रोश

शेजारच्या घरात कोणास मारहाण होत असता 'हा आमच्या घरचा प्रश्न आहे' असे घरधन्याने बजावले, म्हणून आपण दार लोटून स्वस्थ बसावे काय? १९४६ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत दक्षिण आफ्रिकेने हाच युक्तिवाद केला. तेथील भारतीय वंशाच्या लोकांना जाचणाऱ्या भेदभावाच्या कायद्यांविरुद्ध भारताने तक्रार नेली होती. विजयालक्ष्मी पंडित आपल्या शिष्टमंडळाच्या नेत्या होत्या. देश तर अजून स्वतंत्रही झाला नव्हता. आमसभेने भारताची बाजू दोन-तृतीयांश बहुमताने उचलून धरली.

त्याच वर्षी भारताने त्या देशाशी व्यापार तोडला आणि त्याचा तोटा सोसला. तरी जुलूम थांबला नाही. १९६० साली शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे मृत्युमुखी पडली. १९७४ साली डेव्हिस चषकाच्या अंतिम लढतीत दक्षिण आफ्रिकेशी खेळण्यास भारताने नकार दिला व हाताशी आलेला चषक सोडला. सर्व वर्णांच्या नागरिकांनी तेथे एकत्र मतदान केले, ते १९९४ साली.

'तुमच्याकडील अस्पृश्यतेचे काय?' असे कोणी विचारील, तर तो प्रश्न रास्तच आहे. त्याने आपले अंगण झाडण्याची निकड वाढते. शेजाऱ्याचा आक्रोश मात्र खोटा ठरत नाही.