वेबसाइटवर किती माणसं येतात हो?

(मंडळाच्या मासिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'संगणक तज्ज्ञ' असं छापलंय. ते वाचून जरा अवघडल्यासारखं झालं, कारण मी सांगणार आहे ती गोष्ट या तज्ज्ञाच्या फजितीची आहे.

आपल्यातल्या एक वहिनी दिवाळीचा फराळ करून देतात. नाव सांगत नाही, त्या समोरच बसल्या आहेत. त्यांची छोटीशी वेबसाइट आहे, ऑर्डर तिथेच घेतात. २०२३ च्या सप्टेंबरात त्यांना एक ई-मेल आली. इथल्या भारतीयांसाठी भाड्याची घरं, शिकवण्या, दुकानं यांच्या जाहिराती लावणारी एक वेबसाइट होती. 'आमच्याकडे महिन्याला दीड लाख लोक येतात, तीन महिन्यांच्या जाहिरातीचे नऊशे डॉलर.' सोबत वेबसाइटची लोकप्रियता सांगणाऱ्या एका साधनातला छान चढता आलेख.

वहिनींनी मला फोन केला. "भावजी, तुम्ही यातलेच. जरा बघून सांगता का?"

मी बघितलं. तेच साधन उघडलं, तोच आलेख दिसला, तोच आकडा. दहा मिनिटांत त्यांना कळवलं, "आकडा बरोबर आहे." वहिनींनी पैसे भरले. तीन महिन्यांत त्या जाहिरातीवरून त्रेसष्ट जण आले आणि ऑर्डर दोन मिळाल्या. त्यातली एक आमच्याच घरातून होती.

आता जाहिरातीवर बोट टेकवणारे मुळात थोडेच असतात, हे मान्य. पण मला राहवेना. मी त्या मालकाच्या मागे लागलो, तेव्हा त्याने स्वतःच्या मोजणीचं पान दाखवलं. महिन्याला साडेआठ हजार! कुठे दीड लाख आणि कुठे साडेआठ हजार. गंमत म्हणजे तो माणूस काही लबाड नव्हता. त्याच्याकडे दोन आकडे होते, त्यातला मोठा त्याला खरा वाटला. आपलंही असंच होतं की. वजनकाटे दोन असले तर आपण कमी दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवतो.

मी काय चुकलो? मी एवढंच तपासलं की साधन तोच आकडा दाखवतंय का. साधनाला तो आकडा कळला कुठून, हे विचारलंच नाही.

तर ते कुठून कळतं? दुसऱ्याच्या वेबसाइटवर किती लोक आले हे बाहेरून दिसत नाही. ते दिसतं फक्त त्या वेबसाइटच्या सर्व्हरला, किंवा मालकाने पानात मोजणीचा तुकडा बसवला असेल तर त्या मोजणीला. बाहेरच्याने करायचा तो अंदाजच. त्याची सगळ्यात प्रसिद्ध तऱ्हा होती अलेक्सा. घरात गाणी लावणारी अलेक्सा नव्हे, तिच्या आधीची. १९९६ साली ब्रूस्टर काल आणि ब्रूस गिलियट यांनी ही कंपनी काढली, नाव घेतलं अलेक्झांड्रियाच्या प्राचीन ग्रंथालयावरून, आणि १९९९ मध्ये ती अ‍ॅमेझॉनने विकत घेतली. त्यांची टूलबार नावाची पट्टी लोक आपल्या ब्राउझरवर बसवून घेत. ती पट्टी बसवलेली माणसं कुठे कुठे जातात, यावरून सगळ्या जगाचा क्रम लावायचा.

आपल्याकडे म्हणतात ना, शितावरून भाताची परीक्षा. ती खरी ठरते, कारण पातेल्यातला भात सगळीकडे सारखा शिजलेला असतो. आपण चमचा फिरवून शीत उचलतो. इथे शीत कुठलं? ज्याला पट्टी बसवावीशी वाटली ते. आणि ती कोणाला वाटायची? वेबसाइट बनवणाऱ्यांना, जाहिरातवाल्यांना, आमच्यासारख्या संगणकवाल्यांना. पुण्यातल्या माझ्या आईला ती पट्टी म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, पण ती रोज इंटरनेटवर वर्तमानपत्र वाचायची.

ही पोल मला खरं तर कॉलेजातच कळायला हवी होती. २००८ साली आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या महोत्सवाची वेबसाइट होती आणि प्रायोजक विचारायचे, 'तुमचा अलेक्सा रँक काय?' आम्ही काय केलं? होस्टेलच्या पोरांच्या संगणकांवर ती पट्टी बसवली आणि सांगितलं, जेवून आलात की दहा पानं उघडायची. पंधरा दिवसांत आमची वेबसाइट लाखो वेबसाइटना मागे टाकून वर! प्रेक्षक तेच, तीस पोरं. प्रायोजक मात्र खूश.

आमचा पोरखेळ होता. पण २०१९ साली बेल्जियमच्या ल्यूव्हेन विद्यापीठातल्या आणि इतर काही संशोधकांनी पद्धतशीर प्रयोग करून दाखवलं की अलेक्साच्या पहिल्या दहा लाखांच्या यादीत शिरायला एक बनावट भेटसुद्धा पुरते. अलेक्सावाले स्वतःही सांगायचे की एक लाखाच्या पलीकडचा क्रम फारसा भरवशाचा नाही. आता फराळाची, शिकवण्यांची, मंडळाची वेबसाइट असते कुठे? लाखाच्या पलीकडेच! म्हणजे आपल्याला ज्यांच्याबद्दल जाणून घ्यायचं असतं, नेमकं त्यांच्याबाबतीत साधन आंधळं. अलेक्साचा क्रम १ मे २०२२ रोजी बंद झाला.

हे आंधळेपण का येतं, त्याचा थोडा हिशेब करू. समजा हजारातल्या एका माणसाच्या हालचाली साधनाला दिसतात. महिन्याला दहा लाख लोक येणारी वेबसाइट असेल तर त्यातले साधारण हजार दिसले. नशिबाने तीस-पस्तीस कमी-जास्त, म्हणजे तीन टक्क्यांची चूक. चालेल. पण पाच हजार लोक येणारी असेल तर? दिसले पाच. ते नशिबाने तीनही असू शकतात, सातही. आणि त्यात मालकाचे दोन नोकर असतील, दिवसभर तीच वेबसाइट उघडून बसलेले, तर गुणाकार करून सगळा आकडा फुगलाच. शिवाय ऑफिसच्या संगणकावर असलं काही बसवायला बहुतेक कंपन्या देत नाहीत. म्हणजे जेवणाच्या सुट्टीत तिथून वहिनींच्या चकल्या बघणारे आपण सगळे गायब.

आजची सिमिलरवेबसारखी साधनं एकट्या पट्टीवर विसंबत नाहीत. लोकांच्या हालचालींची माहिती, काही वेबसाइटनी स्वतःहून दिलेले आकडे, आणखी बरंच काही एकत्र करून गणिताने अंदाज बांधतात. मोठ्या वेबसाइटसाठी, दोन वर्तमानपत्रांत कोण पुढे, वर्षभरात चढ की उतार, याला ती उपयोगी पडतात. मी कामावर वापरतोही. पण लहान वेबसाइटचा हिशेब बराचसा मघासारखाच राहतो.

आणि रँक म्हणजे आकडा नव्हे. पूर्वी बोर्डाची गुणवत्ता यादी लागायची, आठवते? पहिला आणि दुसरा यांच्यात एका गुणाचा फरक की दहाचा, हे क्रमांकावरून कळत नाही. इंटरनेटवर तर वरच्या दोघांमध्ये कोट्यवधी माणसांचं अंतर असू शकतं आणि खाली दोन क्रमांकांमध्ये चार माणसांचं. क्लाउडफ्लेअर कंपनीची २०२२ पासूनची यादी मला म्हणूनच प्रामाणिक वाटते. पहिल्या शंभरांना क्रमांक, पुढच्यांचे नुसते गट : पहिल्या दोनशेत, पाचशेत, हजारात. जे नीट दिसत नाही त्याला क्रमांक देत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, मग मालकाचं साडेआठ हजार तरी खरं कशावरून? चांगला प्रश्न. तेही माणसं मोजत नाही, ब्राउझर मोजतं. सकाळी फोनवर आणि रात्री लॅपटॉपवर बघितलंत, की तुम्ही दोन. लहानपणी आमच्याकडे उलट होतं, घरात एक संगणक आणि माणसं सहा, सहाजण मिळून एक. आयफोनच्या ब्राउझरमध्ये ओळख पटवणारी अशी कुकी २०१९ पासून सात दिवसांत पुसली जाते, म्हणजे आठवड्यानंतर परत आलेला गिऱ्हाईक नवाच. जाहिराती अडवणारे काही जण मोजलेच जात नाहीत. आणि सर्व्हरची नोंदवही बघाल तर तिच्यात गूगलचे आणि इतरांचे बॉट माणसांसारखेच येऊन जाताना दिसतात. तरीसुद्धा ही चूक दुपटी-तिपटीची असेल, सतरापटीची नव्हे.

तेव्हा कोणी आलेख पाठवला तर त्याला सांगा, तुमच्या स्वतःच्या मोजणीचं पान बघायला द्या. गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये नुसतं बघण्यापुरती परवानगी देता येते, मालकाचं काही बिघडत नाही. चित्र नको, परवानगी हवी, चित्र कसंही काढता येतं. माणसं कुठल्या गावची तेही बघा, दुसऱ्या देशातल्या दहा हजारांना इथली चकली पोचत नाही. आणि तीन महिन्यांचे पैसे भरायच्या आधी एक आठवडा मागा, वेगळी लिंक द्या आणि तिच्यावरून किती जण आले ते स्वतः मोजा.

या वर्षी वहिनींना पुन्हा एक ई-मेल आली, दुसऱ्याच कोणाची. त्यांनी मला न विचारता उत्तर लिहिलं, 'बघायची परवानगी द्या.' तीन आठवडे झाले, उत्तर नाही. आपल्या दिवाळी अंकात मात्र त्यांनी अर्धं पान घेतलंय. प्रती किती छापतात ते चिटणीसांनी सांगितलंय, त्यातली पानं किती जण उलटतात ते कोणालाच माहीत नाही.

प्रश्न असतील तर चहाच्या वेळी विचारा. चकल्या मागे टेबलावर आहेत, आणि किती गेल्या हे वहिनी डबा बघून सांगतील.