मांजर आपलं वागणं ओळखतं

आज हप्ता नाही की बँकेचा कागद नाही. आज आपण मांजराबद्दल बोलू.

आपल्याकडं मांजर पाळतात ते उंदरांसाठी. घरात ज्वारी-सोयाबीनची पोती असली की मांजर हवंच. पण बैठकीनंतर बाया निवांत बोलायला लागल्या, की आम्हाला दुसरीच गोष्ट कळते. मुलगा पुण्याला कामाला, लेक सासरी, मालक वारलेले. अशा घरात संध्याकाळी बाईच्या शेजारी येऊन बसणारं एक मांजरच असतं. परदेशात अशा मांजरांना मनाला आधार देणारे प्राणी म्हणतात. नाव नवं असलं तरी गोष्ट आपल्याच घरातली आहे. मग आपण रडतो, रागावतो, घाबरतो, ते मांजराला कळतं का?

बऱ्याच अंशी कळतं. इटलीत मिलान विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. रिबिनी लावलेला पंखा मांजरासमोर सुरू केला. पाचातल्या जवळपास चार मांजरांनी आधी पंख्याकडं आणि मग आपल्या माणसाच्या तोंडाकडं पाहिलं. माणूस घाबरल्यासारखा वागला, तर मांजरही बाहेर पडायची वाट शोधू लागलं.

आपल्याला हे लवकर पटेल. हिंगोली जिल्ह्यात भुईतून येणारे आवाज आपण वर्षानुवर्षं ऐकतो. 21 मार्च आणि 10 जुलै 2024 ला सकाळी 4.5 तीव्रतेचे धक्के बसले. तेव्हा लेकरं कुणाकडं पाहत होती? आईच्या तोंडाकडं. मांजरही तेच करतं. म्हणून धक्का बसला तर आरडाओरडा न करता लेकरं-म्हाताऱ्यांना घेऊन मोकळ्यावर यायचं. मांजर शोधायला घरात परत जायचं नाही, ते आपली वाट काढतं.

आता दुःखाचं. स्वित्झर्लंडमध्ये एकट्या राहणाऱ्या माणसांचा आणि त्यांच्या मांजरांचा अभ्यास झाला. माणूस खिन्न आहे म्हणून मांजर आपणहून जास्त वेळा जवळ आलं नाही. पण एकदा दोघं जवळ आली, की खिन्न माणसाच्या अंगाला ते डोकं आणि कूस जास्त घासत होतं. मांजर जादूनं दुःख ओळखून धावत येत नाही. आपण त्याला जागा दिली, तर ते आपल्याला उत्तर देतं.

जागा कशी द्यायची? ओढून मांडीवर घ्यायचं नाही, त्याला येऊ द्यायचं. ते आपणहून आलं तर जास्त वेळ थांबतं. त्याच्याकडं टक लावून पाहू नका. डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडा. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या 2020 च्या अभ्यासात दिसलं, की असं केल्यावर मांजरंही डोळे बारीक करतात आणि परक्या माणसाच्या हाताजवळसुद्धा यायला तयार होतात. आणि घरातल्या भांडणाचा राग त्याच्यावर काढू नका. लाथ बसलेलं मांजर त्या पायापासून लांबच राहतं.

आपल्यालाही यातून मिळतं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका विद्यापीठाच्या 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना दहा मिनिटं कुत्र्या-मांजरांना कुरवाळू दिलं, तर त्यांच्या लाळेत ताणाचं द्रव्य कमी झालेलं आढळलं. औषधाइतका भरवसा यावर ठेवायचा नाही, पण दहा मिनिटांची शांतताही थोडी नाही.

कुणी म्हणेल, मुक्या जिवाचं एवढं काय? बायांनो, आपल्याच जिल्ह्यातल्या नर्सीचे संत नामदेव. कुत्र्यानं भाकरी पळवली, तर कोरडी कशी खाशील म्हणून ते तुपाची वाटी घेऊन मागं धावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. आणि त्यांना गुरू विसोबा खेचर भेटले ते आपल्याच औंढ्यात, असं सांगतात.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. मांजर चावलं किंवा त्यानं ओरखडलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवा. हळद किंवा चुना भरून घरी बसू नका. मांजरामुळंही रेबीज होतो. आणि गरोदर बाईनं मांजराची विष्ठा काढू नये, ते काम घरातल्या दुसऱ्यानं करावं.

शेवटचं सांगतो. मांजर शेजारी बसेल, पण ते आपल्यासाठी डॉक्टरला बोलावू शकत नाही. दोन-दोन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर गटातल्या एका बाईला तरी सांगा. आशाताईंना सांगा. 14416 हा टेलीमानस सेवेचा फुकट नंबर आहे. दिवसा-रात्री कधीही लागतो, मराठीत बोलता येतं.

आणि गटात कुणी नेहमीपेक्षा गप्प बसलेली दिसली, तर पासबुक बाजूला ठेवून आधी तिच्याजवळ जाऊन बसा. मांजराला एवढं जमतं, मग आपण तर माणसं आहोत.