बॅकटिक तेवढा सांभाळा

कामोठ्यातल्या ज्या मुलामुलींनी आजीची आगरी बोली मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून टाइप करायला घेतली आहे, त्यांना जरा दटावणीचाच नमस्कार.

तुम्ही एक्स-सॅम्पा वापरता, हे उत्तम. आयपीएची, म्हणजे आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीची, चिन्हं साध्या कीबोर्डवर नसतात, म्हणून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या जॉन वेल्स यांनी 1995 मध्ये ही सोय केली. मजकूर सॉफ्टवेअरमध्ये टाकला की चिन्हं तयार. पण कोणती?

गावठाणातली आजी ‘पानी’ म्हणते, ‘काला’ म्हणते. सेक्टरमधली देशावरून आलेली शेजारीण ‘पाणी’, ‘काळा’. एक्स-सॅम्पात नुसता स्मॉल एन म्हणजे न, त्याच्यामागे बॅकटिक, म्हणजे ती उलट्या अपॉस्ट्रॉफीसारखी खूण, आला की ण. ल आणि ळ यांचंही तसंच. हा बॅकटिक गळला की सगळं कामोठं आगरी बोलायला लागतं! ज्या फरकासाठी घरोघर हिंडलात, नेमका तोच गेला.

सॉफ्टवेअर ही पिठाची गिरणी आहे. डब्यात खडा असला तर ती खडाही दळून देते, धान्य निवडायचं ते घरी. बॅकटिक सापडेना म्हणून अपॉस्ट्रॉफी ठोकलीत, तर न तालव्य होऊन बाहेर येतो, कुरकुर नाही. फोनने ओळीचं पहिलं अक्षर आपणहून कॅपिटल केलं, तर ‘नाक’मधल्या न-चा ङ होतो. आयट्रान्स या रोमन लिप्यंतराची सवय असलेल्यांनो, तिथला कॅपिटल एन म्हणजे ण, इथला ङ. दोन्ही मिसळणं म्हणजे बाजरीवर गहू दळणं. आणि मूळ मजकूर पुसू नका, पीठ झाल्यावर खडा शोधता येत नाही.

पुन्हा सांगतो: बॅकटिक. ण-ला हवा, ळ-ला हवा, ट-ठ-ड-ढ यांनाही हवा.

स्वतः प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी लांब खुणा आधी बदलाव्यात. दीर्घ स्वराला कोलन, अर्धदीर्घाला कोलन-बॅकस्लॅश. नुसता कोलन आधी बदललात, तर मागे बॅकस्लॅश लोंबकळतो. चिन्हांऐवजी चौकोन दिसले तर तो दोष फॉन्टचा. डूलोस एसआयएल घ्या.

आता ‘गाडी’ची ‘गारी’ होते, तो र. तिथे आर लिहू नका, चारचा आकडा लिहा. आर म्हणजे जीभ थरथरवून काढलेला र, आणि आजीचा र तर... वेळ संपली म्हणतायत. चारचा आकडा, लक्षात ठेवा.