मागच्या गाडीचा ब्रेक

वाहनाची थोरवी सामान्यतः त्याच्या वेगावरून आणि ओझें ओढण्याच्या शक्तीवरून ठरविली जाते. तें किती अंतरांत थांबतें, हा प्रश्न विकत घेणाराच्या मनांत क्वचितच प्रथम येतो. परंतु एका वाहनामागें दुसरें वाहन जोडलें, कीं हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होऊन बसतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पिकअप नांवाच्या उघड्या हौद्याच्या मोटारीमागें ट्रेलर जोडून घोडे, शेतीचीं अवजारें, किंबहुना राहण्याचें फिरतें घरसुद्धां घेऊन जाण्याची चाल सर्रास आहे. या मागच्या गाडीच्या विजेच्या ब्रेकांवर चालकाची हुकमत राहावी म्हणून जें लहानसें यंत्र वापरतात, त्यास ब्रेक-नियंत्रक म्हणतात. कित्येक नव्या पिकअपांत तो कारखान्यांतूनच बसवून येतो. जेथें येत नाहीं, तेथें तो विकत आणून स्वतःच्या हातानें बसविणारे गृहस्थ पुष्कळ आहेत. त्यांच्या या उद्योगांत हौस आहे, काटकसर आहे, आणि एक मोठी जबाबदारीहि आहे.

ही जबाबदारी समजण्यास घाट उतरणारी भरलेली बैलगाडी डोळ्यांपुढें आणावी. चढावर बैल गाडीला ओढतात. उतारावर गाडीच बैलांना लोटूं लागते. मोटारीचेंहि तसेंच आहे. समजा, मोटारीचें वजन अडीच टन आहे आणि ट्रेलरचेंहि तितकेंच आहे. ट्रेलरला ब्रेक नसेल, तर या जोडीला थांबवितांना मोटारीच्या ब्रेकांवर दुप्पट भार पडतो. शिवाय वेग दुप्पट झाला, कीं गतीची ऊर्जा चौपट होते. ताशीं ३० मैलांवर जें निभावलें, तें ६० मैलांवर निभावेलच असें नाहीं. पुढची गाडी थांबूं पाहते, मागची लोटीत राहते, आणि कोपरांत हात दुमडावा तशी ती जोडी रस्त्यावर आडवी दुमडते. म्हणूनच तेथील बऱ्याच राज्यांत ३००० पौंडांहून, म्हणजे सुमारें १३६० किलोंहून, जड ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असलाच पाहिजे असा कायदा आहे. कांहीं राज्यांत ही मर्यादा याहूनहि कमी आहे.

आगगाडीच्या बाबतींत हाच प्रश्न पूर्वीं उभा राहिला होता. जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनीं १८६९ सालीं हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचें पेटंट मिळविलें. पुढें त्यांनींच त्यांत सुधारणा करून, डबे तुटून वेगळे झाले तरी ब्रेक आपोआप लागावेत अशी योजना केली. प्रत्येक डब्यानें आपला भार आपणच थांबवावा, हें त्या योजनेचें सार होय. ट्रेलरमध्यें हेंच काम हवेऐवजीं वीज करते.

ट्रेलरच्या चाकाबरोबर एक लोखंडी ड्रम फिरत असतो. त्याच्या आंत वक्राकार पट्ट्यांची जोडी आणि एक विद्युच्चुंबक असतो. चुंबकांत वीज आली, कीं तो फिरत्या ड्रमच्या अंगाला चिकटूं पाहतो, त्याबरोबर थोडा ओढला जातो, आणि आपल्या दांड्यानें त्या पट्ट्या ड्रमवर दाबतो. वीज जितकी अधिक, तितकी पकड घट्ट. ती किती सोडावी, हें नियंत्रक ठरवितो. साध्या प्रकारचा नियंत्रक पेडल दाबल्यावर ठराविक क्रमानें वीज वाढवीत नेतो. दुसऱ्या प्रकारचा, मोटारीचा वेग किती झपाट्यानें उतरत आहे हें ओळखून, त्या प्रमाणांत वीज सोडतो. दुसरा प्रकार अधिक सुखावह होय. मात्र तो प्रवासाच्या दिशेशीं सरळ रेषेंत आणि पक्का बसवावा लागतो.

बसविण्याची कृति चार तारांची आहे. प्रथम बॅटरीचें ऋण टोंक सोडवून ठेवावें. काळी तार सर्किट ब्रेकरमधून बॅटरीच्या धन टोंकाकडे जाते. पांढरी ऋण टोंकाकडे. या दोहोंची अदलाबदल झाली, तर नियंत्रक निकामी होऊं शकतो. तांबडी तार ब्रेकच्या दिव्याच्या खटक्याला अशा बाजूनें जोडावयाची, कीं पेडल दाबलें असतांच तिच्यांत वीज यावी. निळी तार मागें ट्रेलरच्या जोडणीपर्यंत न्यावयाची. चाकांना वीज पोंचते ती हिच्यांतूनच. प्रत्येक चाकाचा चुंबक सुमारें ३ अँपिअर वीज घेतो, म्हणजे चार चाकांस १२ अँपिअर झाले. तेव्हां हाताशीं सांपडलेली बारीक तार येथें चालत नाहीं. तारा नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणें हेंहि येथें अक्षम्य होय. धक्क्यांनीं आणि पावसापाण्यानें असा सांधा सैल होतो. ज्या गाडींत या कामासाठीं तयार जोडणी दिलेली असते, तेथें गाडीच्या जातीची खास दोरी घेतल्यास हा पुष्कळसा खटाटोप वांचतो. यंत्राची जागा अशी असावी, कीं चालकाचा हात सहज पोंचावा, गुडघा आपटूं नये आणि अपघातांत फुगणाऱ्या हवेच्या पिशवीच्या आड तें येऊं नये.

येथपर्यंतचें काम एका दुपारचें. पुष्कळांचा समज असा, कीं यंत्रावरचा दिवा लागला म्हणजे काम संपलें. वास्तविक तो दिवा चाकाजवळच्या झिजलेल्या पट्ट्यांविषयीं कांहींच सांगत नाहीं. म्हणून नेहमींचें ओझें भरलेला ट्रेलर जोडून, कोरड्या, सपाट आणि निर्मनुष्य रस्त्यावर ताशीं सुमारें २५ मैल वेगानें जावें आणि नियंत्रकाचा हाताचा दांडा दाबून केवळ ट्रेलरचे ब्रेक लावून पाहावेत. मागून ओढ स्पष्ट जाणवली पाहिजे; परंतु चाकें जाम होऊन घसरतां कामा नयेत. घसरलीं तर विजेचें प्रमाण कमी करावें. ओढच जाणवली नाहीं तर वाढवावें. ओझें बदललें, कीं हें मापहि पुन्हां बसवावें लागतें. हाच दांडा पुढें प्रवासांत उपयोगी पडतो: ट्रेलर डावीउजवीकडे झोके घेऊं लागला, तर मोटारीच्या ब्रेकला हात न लावतां एकट्या ट्रेलरचा ब्रेक हलकेच लावल्यास तो पुन्हां रांगेंत येतो.

आणखी एक दोरी राहिली. ट्रेलर सुटून गेलाच, तर ताणली जाऊन खटका ओढणारी आणि ट्रेलरवरच्याच बॅटरीनें ब्रेक लावणारी अशी ही दोरी असते. वेस्टिंगहाऊस यांच्या आपोआप लागणाऱ्या ब्रेकचेंच हें धाकटें रूप. नियंत्रक कितीहि उत्तम असला, तरी सुटलेल्या ट्रेलरवर त्याचा अंमल चालत नाहीं. म्हणून ही दोरी आणि ती बॅटरी वेळोवेळीं तपासणें प्राप्त आहे.

स्वतःच्या हातानें केलेल्या कामांत मेहनताना वांचतो, आणि आपल्या गाडीची नाडी आपल्याला समजते, हा लाभ कांहीं लहान नव्हे. मात्र शेजारून जाणाऱ्या अनोळखी वाटसरूनें या काटकसरीस संमति दिलेली नसते. ज्याला तारा तपासण्याचें मापनयंत्र वापरतां येत नाहीं, किंवा रस्त्यावरची चांचणी घेण्यास सवड नाहीं, त्यानें हें काम जाणत्या कारागिरावर सोंपवावें. ज्याला दोन्ही साधतात, त्यानें तें खुशाल करावें, आणि प्रत्येक प्रवासाच्या आरंभीं फाटकाबाहेर पडतांच तो दांडा एकदां दाबून पाहावा.